‘आपण त्याला घेतला’ म्हणजे नक्की काय केलं?

जून ते ऑगस्ट कॉलेजच्या कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘आपण त्याला घेतला बे!’ आपण म्हणजे मँचेस्टर युनायटेड, चेल्सी, आर्सेनल, ज्याचा जो. बोलणारा सात रस्त्यावर पावचटणी खातोय, शंभराची नोट आज मोडायची की उद्या हा विचार चाललाय, आणि तोंडात मात्र आठ कोटी पौंडांचा हिशोब. ऐकणाऱ्या काकांना हसू येतं. मला येत नाही. रात्री साडेबाराची मॅच आवाज बंद करून बघणाऱ्या आणि सकाळी सातच्या प्रॅक्टिकलला डोळे चोळत जाणाऱ्या पोराला ‘आपण’ म्हणायचा पूर्ण हक्क आहे.

माझं भांडण वेगळं आहे. ‘आपण’ म्हणतो, पण आपला सगळा वाद एकाच आकड्याभोवती फिरतो. किती ओतले? एक गट म्हणतो मालक कंजूस आहे, पाकीट उघडत नाही. दुसरा म्हणतो एवढ्या पैशात तीन प्लेयर आले असते. ट्रान्स्फर विंडो म्हणजे आयपीएलचं ऑक्शन असल्यासारखं चाललेलं असतं. ऑक्शनमध्ये सगळ्यांची पर्स सारखी असते आणि काही वर्षांनी मेगा ऑक्शन झालं की संघ परत विस्कटतो. फुटबॉल क्लबचं तसं नसतं. तिथं आज केलेला खर्च पुढची चार-पाच वर्षं मानगुटीवर बसतो.

कसा, ते कॉमर्सवाल्यांना लगेच कळेल, बाकीच्यांनी जरा धीर धरा. समजा क्लबनं एक प्लेयर 10 कोटी पौंडांना घेतला आणि करार पाच वर्षांचा केला. वहीत तो खर्च एकदम 10 कोटी दिसत नाही, दर वर्षी 2 कोटी दिसतो. बाइकच्या हप्त्यासारखं. चेल्सीनं 2023 च्या जानेवारीत मुद्रिकला साडेआठ वर्षांचा करार दिला तो प्रेमापोटी नाही, हप्ता छोटा पडावा म्हणून. युएफानं मग पाच वर्षांपेक्षा जास्त हप्ते धरणार नाही असा नियमच केला.

आता याची दुसरी बाजू. जो पोरगा क्लबच्याच अकॅडमीत लहानाचा मोठा झाला, त्याला विकत घेतलेलंच नसतं. वहीत त्याची किंमत शून्य. त्याला विकला की आलेला पैसा जवळजवळ सगळा नफा. प्रीमियर लीगच्या नियमात तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवता येत नव्हता. मर्यादा ओलांडली म्हणून एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे पॉइंटसुद्धा कापले गेले. मग हिशोब जुळवायचा सोपा मार्ग कोणता? घरचं पोरगं विका आणि बाहेरचं आणा.

युनायटेडवाल्यांनो, इथं तुमचं दुखणं आहे, माफ करा. स्कॉट मॅक्टॉमिने पाच वर्षांचा असताना तुमच्या क्लबात आला. 2024 च्या ऑगस्टमध्ये तो साधारण अडीच कोटी पौंडांना नापोलीला गेला. तेव्हा कट्ट्यावर कोण रडलं? ‘स्क्वॉड प्लेयर होता, चांगला भाव आला’ म्हणून आपणच मान हलवली. पुढच्या मे महिन्यात नापोली इटलीचा चॅम्पियन झाला, शेवटच्या मॅचमध्ये मॅक्टॉमिनेनं हवेत झेपावून गोल मारला आणि सेरी आचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्याच सिझनला युनायटेड पंधरावे. आणि ज्या अँटनीवर 2022 मध्ये 8 कोटी पौंडांच्या वर खर्च झाला होता, तो 2025 मध्ये त्याच्या पाव किमतीच्या आसपास बेटिसला गेला. हे दोन व्यवहार शेजारी ठेवा. वहीत पहिला नफ्याचा आणि दुसरा तोट्याचा. मैदानावर दोन्ही तोट्याचेच.

म्हणजे खर्च करूच नये का? तसं अजिबात नाही. लिव्हरपूलनं 2024 च्या उन्हाळ्यात लगेच खेळवायला फक्त एक किएझा घेतला आणि 2025 ची लीग जिंकली, हे उदाहरण कंजूस मालकांचे वकील नेहमी देतात. पण ती टीम आधीच्या आठ-नऊ वर्षांत विकत घेऊन, शिकवून उभी राहिलेली होती. उलट उदाहरण आपल्या राज्यात आहे. 2019 मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपनं मुंबई सिटीचा 65 टक्के हिस्सा घेतला. 2020 मध्ये त्यांनी एफसी गोवाचे माजी कोच सर्जिओ लोबेरा यांना आणलं, आणि मागोमाग बूमूस, फॉल, जाहू, मंदार राव देसाई असा गोव्याचा अर्धा कणाच मुंबईत आला. गोवेकर चिडले, चिडणारच. पण त्याच सिझनला मुंबईनं लीग शिल्डही जिंकली आणि कपही, फायनलमध्ये बिपिन सिंगनं नव्वदाव्या मिनिटाला गोल मारून. पैसा, कोच आणि प्लेयर यांचा मेळ बसला की असं होतं. मग 2025 मध्ये आयएसएलचं भवितव्यच टांगणीला लागलं, सिझन वेळेवर सुरू होईना, आणि वर्षाअखेरीस सिटी ग्रुप आपला हिस्सा सोडून निघून गेला. ट्रॉफ्या कपाटात आहेत. मालक गेला.

मालक गेला की काय होतं हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. आपल्या आजोबांच्या पिढीनं गिरणीचा भोंगा बंद पडलेला ऐकलाय. पण फुटबॉलमधलं उदाहरण हवं असेल तर हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन संध्याकाळी बालेवाडीला पोचता येईल इतकं जवळचं आहे. एफसी पुणे सिटी.

आज जे एफवायला आहेत त्यांना हे नाव धूसर आठवत असेल. 2014 मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा पुण्याचा क्लब होता. पहिल्याच वर्षी दाविद त्रेझेगे आला. वर्ल्ड कप जिंकलेला, युव्हेंटसचा त्रेझेगे, बालेवाडीत! पुढच्या वर्षी आद्रियान मुटू. 2016 मध्ये आइसलंडच्या गुडयॉनसनचं नाव जाहीर झालं, तो एकही मॅच न खेळता जखमी झाला आणि त्याच्या जागी मोहम्मद सिसोको आला. सगळी नावं पोस्टरवर झकास. पहिल्या तीन सिझनमध्ये सेमीफायनल एकदाही नाही.

त्याच काळात शहरात एक दुसरी गोष्ट होती. पुणे एफसी हा आयलीगचा जुना क्लब, 2012-13 ला देशात दुसरा आलेला. त्याची अकॅडमी देशातल्या चांगल्या अकॅडम्यांत गणली जायची. 2015 मध्ये पुणे एफसीनं सीनियर टीम बंद केली आणि अकॅडमी पुणे सिटीकडे गेली. मलप्पुरमचा आशिक कुरुनियन तिथं शिकून पुणे सिटीच्या पहिल्या टीममध्ये आला. शिमल्याकडचा विशाल कैथ गोलमध्ये उभा राहू लागला. त्यांच्या जोडीला मार्सेलिन्यो आणि अल्फारो हे, नावापेक्षा पायावर जास्त भरवसा असलेले दोन परदेशी आले, आणि 2017-18 ला पुणे सिटी पहिल्यांदाच सेमीफायनलला पोचली. बालेवाडीत बंगळुरूला शून्यावर रोखलं. परतीच्या मॅचमध्ये छेत्रीनं हॅट्ट्रिक मारली आणि संपलं. पण बांधणी कशाला म्हणतात ते त्या एका सिझनला दिसलं होतं. म्हाताऱ्या स्टारवर उधळलेल्या पैशानं जे झालं नाही ते दोन पोरं आणि दोन नीट निवडलेले परदेशी यांनी करून दाखवलं.

आणि मग 2019 मध्ये क्लबच बंद. मालकांना झेपेना. फ्रँचायझी नव्या मालकांनी घेऊन हैदराबादला नेली. ‘ऑरेंज आर्मी’ म्हणून घसा फोडणारी पुण्याची पोरं एका उन्हाळ्यात बिनक्लबची झाली. त्यांना कुणी विचारलं नाही. ‘आपण’ म्हणायचा हक्क कागदावर कुठंच नसतो, हे त्यांना तेव्हा कळलं.

हैदराबादची पुढची गोष्ट तर या विषयाचा धडाच आहे. पहिल्या सिझनला टीम जमवली आणि सगळ्यात तळाला राहिली. मग मानोलो मार्केझ कोच झाले, आशिष राय, आकाश मिश्रा, गोव्याचा लिस्टन कोलासो अशा पोरांना धडाधड खेळवलं. कोलासोला 2021 मध्ये एटीके मोहन बागाननं ट्रान्स्फर फी देऊन नेलं, तरी गाडी थांबली नाही. 2022 च्या मार्चमध्ये हैदराबाद चॅम्पियन झाली. पेनल्टी अडवणारा गोलकीपर गोव्याचा लक्ष्मीकांत कट्टीमणी. पुण्यातून गेलेली फ्रँचायझी तीन वर्षांत देशात पहिली! आणि वर्षा-दीड वर्षातच पगार थकले, फिफाची ट्रान्स्फर बंदी आली, प्लेयर पांगले. 2025 मध्ये तीच फ्रँचायझी दिल्लीला गेली, स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावानं. अकरा वर्षांत तीन शहरं.

म्हणून मला वाटतं की फॅननं खर्चाचा आकडा विचारण्याआधी मालक उद्या उठून गेला तर मागं काय राहील हे विचारावं. अकॅडमी राहील का? मैदान कुणाचं आहे? घरची किती पोरं टीममध्ये आहेत, आणि त्यांना नाइलाज म्हणून विकतायत की वही चकचकीत करायला? हे प्रश्न युनायटेडलाही लागू आहेत आणि मुंबई सिटीलाही. असले प्रश्न रटाळ वाटतात, मान्य. विंगरचे रील बघण्यात जी मजा आहे ती अकॅडमीच्या बातमीत कुठून येणार?

कोल्हापूरकडे बघून मात्र मला जरा हेवा वाटतो. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल. तिथंही बाहेरचे प्लेयर येतात, परदेशीही उतरले, आणि ‘पेठेच्या पोरांना बसवून पाव्हणे कशाला खेळवता’ यावरून शाहू स्टेडियमबाहेर कडाक्याचे वाद होतात. वाद तोच, पण एक फरक आहे. पाटाकडील तालीम कुणी उचलून हैदराबादला नेऊ शकत नाही. तिथलं ‘आपण’ भाड्याचं नाही. सोलापुरात आपल्याकडे तसं काही नाही, म्हणून आपण मँचेस्टरला चिकटतो. चिकटायला हरकत नाही, फक्त डोळे उघडे ठेवून चिकटावं.

विशाल कैथ आता मोहन बागानच्या गोलमध्ये असतो. 2024-25 ला त्यांनी शिल्ड आणि कप दोन्ही जिंकले. कोलकात्याची पोरं त्याच्याबद्दल ‘आमचा’ म्हणतात. पुण्यात एखादा जुना ऑरेंज आर्मीवाला भेटला तर त्याच्यापुढं कैथचं नाव काढून बघा. उत्तराआधी एक शिवी येईल, आणि ती कैथला नसेल.