विश्लेषण : वाढवण बंदराच्या शेजारी ‘कम्युनिटी कॉलेज’? वरोरच्या मुलांसाठी अभ्यासक्रमापेक्षा वेळापत्रक महत्त्वाचे का?

डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पातून प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून सुमारे १० लाख जणांना रोजगाराची संधी मिळेल, असा केंद्राचा दावा आहे. मच्छीमारांचा विरोध आणि न्यायालयीन लढाई हा वेगळा विषय. पण बंदराला लागून असलेल्या वरोरसारख्या गावात बारावी झालेल्या मुलामुलींपुढे एक साधा प्रश्न आहे. यातले काम मिळवायला शिकायचे काय, कुठे आणि घरचा धंदा सांभाळून केव्हा? यातल्या ‘केव्हा’चे उत्तर शोधण्यासाठीच जगभर कम्युनिटी कॉलेजे निघाली.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय?

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९०१ मध्ये सुरू झालेले जोलिएट ज्युनियर कॉलेज हे तिथले पहिले सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज मानले जाते. कल्पना साधी होती. घरापासून जवळ, कमी शुल्कात दोन वर्षांचे शिक्षण घ्यायचे. नंतर हवे तर कामाला लागायचे, हवे तर मिळवलेले श्रेयांक घेऊन विद्यापीठात पुढच्या वर्गात जायचे. तिथल्या वर्गात अठरा वर्षांच्या मुलाशेजारी चाळिशीची आई किंवा रात्रपाळी करून आलेला कामगार बसलेला असतो. जिल बायडेन अमेरिकेच्या ‘फर्स्ट लेडी’ असतानाही नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजात शिकवत होत्या.

भारतात १९९५ मध्ये पुदुच्चेरीत आणि १९९६ मध्ये चेन्नईत असे प्रयोग झाले. पुढे बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात देशभर प्रायोगिक तत्त्वावर २०० कम्युनिटी कॉलेजे सुरू करण्याचे ठरले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१३ मध्ये त्यासाठी योजना आणली. त्यासाठी नव्या इमारती बांधायच्या नव्हत्या. असलेल्याच महाविद्यालयात हे वर्ग भरवायचे होते.

मग आयटीआयपेक्षा वेगळे काय? आयटीआय एका ठरावीक व्यवसायाचे प्रमाणपत्र देते. कम्युनिटी कॉलेजात मिळालेले श्रेयांक पदवीच्या वाटेवर मोजले जावेत, ही अपेक्षा असते. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राला ३० श्रेयांक, वर्षाच्या पदविकेला ६०, दोन वर्षांच्या प्रगत पदविकेला १२० आणि तीन वर्षांच्या ‘बी. व्होक.’ पदवीला १८०, अशी ती शिडी आहे. मधल्या कुठल्याही पायरीवर उतरता येते आणि नंतर परत चढता येते. किमान कागदावर तरी.

तिथला दिवस कसा असतो?

यूजीसीच्या चौकटीत ६० टक्के भाग कौशल्याचा आणि ४० टक्के सामान्य शिक्षणाचा आहे. म्हणजे ३० श्रेयांकांच्या प्रमाणपत्रात १८ श्रेयांक कौशल्याचे आणि १२ भाषा, संगणक, हिशेब, संवाद अशा विषयांचे.

याचे तास मांडून पाहू. वर्गातील साधारण १५ तासांना एक श्रेयांक. प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकलात तर दुप्पट, म्हणजे सुमारे ३० तास लागतात. सगळे १८ कौशल्य-श्रेयांक बंदरात किंवा कारखान्यात मिळवायचे ठरवले, तर ५४० तास तिथे आणि १८० तास वर्गात, असे एकूण ७२० तास होतात. २४ आठवड्यांत ते बसवायचे तर आठवड्याला ३० तास, रविवार सोडून रोज पाच. यात प्रवास धरलेला नाही.

त्यामुळे तिथले वातावरणही नेहमीच्या महाविद्यालयासारखे नसते. निम्मा आठवडा विद्यार्थी आवारात नसतातच. दुपारी बीए-बीकॉमचे वर्ग सुटल्यावर रिकाम्या खोल्या यांच्या वाट्याला येतात. शिकवायला एखादा कारखान्यातला पर्यवेक्षक येतो. त्याची पाळी बदलली की तास बदलतो. स्नेहसंमेलन, क्रीडा महोत्सव, एनएसएसचे शिबिर या सगळ्यांचे वेळापत्रक पदवीच्या मुलांना धरून ठरते. सहा महिन्यांसाठी आलेल्या मुलांना ‘हे आपले कॉलेज’ वाटायला वेळच मिळत नाही. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण गळतीची चर्चा करताना ती विसरून चालणार नाही. ज्या आवारात आपल्याला कोणी नावाने ओळखत नाही, तिथून चार दिवसांची गैरहजेरी कायमची व्हायला वेळ लागत नाही.

वरोरमध्ये हे वेळापत्रक कुठे अडेल?

वरोरच्या विद्यार्थ्यांना आसपासचे पर्याय म्हणजे चिंचणीचे पी. एल. श्रॉफ महाविद्यालय, बोर्डीचे एन. बी. मेहता विज्ञान महाविद्यालय किंवा पालघरचे सोनोपंत दांडेकर महाविद्यालय. तलासरीकडच्या मुलांना कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालय जवळचे. डहाणू रोडपर्यंत उपनगरी लोकल २०१३ मध्ये आली. वरोरहून आधी वाणगाव किंवा डहाणू स्थानक गाठावे लागते, मग गाडी. लोकल चुकली की पहिला तास गेलाच.

खरी अडचण मात्र वर्षाच्या गणितात आहे. महाविद्यालये जूनमध्ये सुरू होतात. नेमकी १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागते. म्हणजे शुल्क भरायच्या दिवसांत मच्छीमार घरात पैसा नसतो आणि हात मात्र मोकळे असतात. ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा समुद्रात जातात, घरात पैसा येतो आणि हात कमी पडतात. बायका-मुलींना मासळी निवडणे, सुकवणे, बाजार ही कामे असतात. हजेरी तेव्हाच घसरणार.

आतल्या भागात, डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर, वर्ष उलट्या बाजूने कापले जाते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा गुजरातकडे कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. दुसरे सत्र साधारण याच काळात चालते. एकाच तालुक्यात किनाऱ्यावरच्या मुलाला सोयीचा महिना डोंगराकडच्या मुलाला गैरसोयीचा आहे. मुंबईतून ठरवलेले एकच शैक्षणिक कॅलेंडर दोघांनाही अपुरे पडते.

याच तालुक्यात या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधले गेले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम केले, तेव्हा मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच पाड्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. त्या मुलांच्या दिवसाला हात न लावता त्यात शिकण्याची जागा शोधली गेली. अठरा-वीस वर्षांच्या मुलांसाठी तसे करणे अधिक कठीण असेल, पण सहा महिन्यांचे प्रमाणपत्र दोन-दोन महिन्यांच्या तीन तुकड्यांत विभागून, किनाऱ्यावर पहिला तुकडा जून-जुलैत घेणे अशक्य नाही. २०२१ पासून ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये श्रेयांक साठवता येतात. त्यामुळे तांत्रिक अडसर बराच कमी झाला आहे.

हातात आधीच असलेल्या कौशल्याचे काय?

वरोर, वाढवण, चिंचणी हा पट्टा केवळ मासेमारी आणि बागायतीचा नाही. सोन्याच्या दागिन्यांचे साचे कोरण्याचा डायमेकिंगचा उद्योग इथल्या घराघरांत वर्षानुवर्षे चालत आला आहे. मुंबईच्या सराफ बाजाराशी त्याचे नाते जुने आहे. धातूवर उलटी नक्षी इतक्या नेमकेपणाने कोरायची, की ठशातून ती सुलटी उठावी. हे शिकायला पुस्तक नसते. घरातल्या किंवा शेजारच्या कारागिराकडे बसून ते शिकतात.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये आम्ही लोखंडाचा तुकडा कानसीने घासून चौकोनी करायचो आणि त्याला श्रेयांक मिळायचे. वरोरच्या डायमेकरच्या तुलनेत ते काम बालवाडीतले. पण त्याच्या कामाची नोंद कुठल्याच गुणपत्रिकेत नाही. सरकारी कौशल्य योजनेत ‘पूर्वशिक्षणाला मान्यता’ देण्याची तरतूद आहे आणि २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यातही अनुभव मोजण्याची सोय ठेवली आहे. होडीचे इंजिन दुरुस्त करणाऱ्या किंवा डाय कोरणाऱ्या मुलाला ‘फिटिंग’ पहिल्या धड्यापासून शिकवण्यापेक्षा त्याची परीक्षा घेऊन थेट वरच्या पायरीवर बसवणे, हे कम्युनिटी कॉलेजला जमायला हवे. नाहीतर ते नावापुरतेच ‘कम्युनिटी’चे राहील.

पण नोकऱ्या मिळतील का?

इथे सावध राहिलेले बरे. वाढवणला प्रत्येकी १,००० मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल्स प्रस्तावित आहेत. आधुनिक टर्मिनलवर माणसे कमी आणि यंत्रे जास्त असतात. बांधकामाच्या काळात मजुरी भरपूर असते, पण ती ठेकेदाराकडची आणि तात्पुरती. कायम स्वरूपाची कामे म्हणजे क्रेन चालवणे, शीतकंटेनरची देखभाल, विद्युत दुरुस्ती, सीमाशुल्काची कागदपत्रे. यातले बहुतेक प्रशिक्षण-साहित्य इंग्रजीत असते. मांगेली, वाडवळी किंवा वारली बोलत वाढलेल्या मुलांसाठी ४० टक्क्यांच्या ‘सामान्य’ भागातला भाषेचा तास म्हणूनच सगळ्यात निर्णायक ठरू शकतो.

केरळमधील विळिंजम बंदराचे उदाहरण मात्र उत्साह वाढवणारे आहे. तिथे स्वयंचलित यार्ड क्रेन चालवणाऱ्यांत स्थानिक मच्छीमार कुटुंबांतील महिलाही आहेत आणि राज्य सरकारच्या पुढाकाराने उभारलेले कौशल्य केंद्र बंदराच्या जवळच आहे.

डहाणू-पालघरच्या किनाऱ्याचा स्वतःचा अनुभव संमिश्र आहे. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून चालू आहे, तर डहाणूचा ५०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प १९९०च्या दशकापासून. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्यांच्या पुनर्वसनाचा वाद न्यायालयापर्यंत गेला. त्यामुळे ‘आधी शिका, मग बघू’ या आश्वासनावर इथले पालक सहज विश्वास ठेवणार नाहीत आणि त्यांना दोष देता येणार नाही.

प्रवेश घेण्याआधी काय विचारावे?

अभ्यासक्रमाचे नाव कितीही आकर्षक असो, चार गोष्टी लेखी मागाव्यात. श्रेयांक कोणत्या विद्यापीठात चालतील? प्रत्यक्ष कामाचे तास कोणत्या आस्थापनेत आणि कोणत्या पाळीत? त्या काळात विद्यावेतन किती? आणि सहा महिन्यांनी थांबावे लागले तर परत येण्याची मुदत किती? विद्यावेतनाचा प्रश्न संकोच न करता विचारावा. राज्याच्या २०२४ मधील मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना महिना ६,००० रुपये ठरले होते. रोजचे पाच तास आणि वर प्रवास देणाऱ्या मुलाला त्याहून कमी मिळणार असेल, तर ऑगस्टमध्ये होडी निघताना तो वर्गात बसेल की समुद्रात जाईल, हे त्याच्या घरचे लोक आधीच ठरवून ठेवतील.