विश्लेषण : रेडिएशनचा डोस मोजणाऱ्याला एका वर्षाचे प्रशिक्षण पुरेसे आहे का?

कर्करोगावर रेडिएशन घेणाऱ्या रुग्णाला डॉक्टर भेटतात, यंत्र चालवणारे तंत्रज्ञ रोज भेटतात. पण यंत्रातून ठरला तेवढाच डोस बाहेर पडतो का आणि तो ठरल्या जागीच पोहोचतो का, हे पाहणारा मेडिकल फिजिसिस्ट त्याला सहसा दिसतही नाही. भारतात ही जबाबदारी घेण्याआधी किमान १२ महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते. तिच्या जागी दोन वर्षांची रेसिडेन्सी यायला हवी.

मेडिकल फिजिसिस्ट नेमके काय करतो?

डॉक्टर लिहून देतात, समजा, ५० ग्रे डोस, २५ दिवसांत विभागून. ग्रे हे डोसचे एकक. सीटी स्कॅनवर किरणांच्या दिशा ठरवून गाठीला पूर्ण डोस मिळेल आणि शेजारचा मज्जारज्जू किंवा फुप्फुस वाचेल, असा आराखडा करण्यात फिजिसिस्टची भूमिका कळीची असते. यंत्राचा डोस पाण्याच्या टाकीत आयन चेंबर ठेवून तोच मोजतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शरीराच्या आत स्रोत नेऊन उपचार करतात, त्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात. त्यात वापरल्या जाणाऱ्या इरिडियम-१९२ ची ताकद सुमारे ७४ दिवसांत निम्मी होते, म्हणजे रोज साधारण एक टक्का घटते. त्यामुळे कालचा हिशेब आज चालत नाही.

सध्याचा नियम काय?

अणुऊर्जा नियामक मंडळाच्या निकषांनुसार भौतिकशास्त्रात एमएस्सी आणि त्यानंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका, किंवा थेट मेडिकल फिजिक्समधील पदव्युत्तर पदवी आणि त्यावर इंटर्नशिप, असा मार्ग आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र १९६२ पासून हा पदविका अभ्यासक्रम चालवते. म्हणजे या शिक्षणाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मात्र आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था किमान दोन वर्षांच्या क्लिनिकल प्रशिक्षणाची शिफारस करते. अमेरिकेत २०१४ पासून मान्यताप्राप्त रेसिडेन्सीशिवाय बोर्डाच्या प्रमाणपत्राचा मार्गच बंद झाला. आपल्याकडेही रेडिएशनचा डॉक्टर एमडीची तीन वर्षे वॉर्डात काढतो. त्याने लिहिलेला डोस प्रत्यक्षात उतरवणाऱ्याला मात्र एक वर्ष.

एका वर्षात काय राहून जाते?

रोजच्या तपासण्या आणि नेहमीचे आराखडे वर्षभरात हातात बसतात. पण नव्या यंत्राची पहिली मोजणी, म्हणजे कमिशनिंग, त्या वर्षात त्या केंद्रात झालेच नाही तर ते बघायलाही मिळत नाही. ज्या केंद्रात ब्रॅकीथेरपी कमी, तिथला इंटर्न त्यात कच्चा राहतो. आणि पहिली नोकरी लहान शहरातल्या नव्या केंद्रात लागली, तर शंका विचारायला शेजारी वरिष्ठ असेलच असे नाही.

चूक झाली तर काय होते?

पनामातील एका कर्करोग रुग्णालयात २०००-०१ मध्ये शरीराचा निरोगी भाग झाकणाऱ्या ब्लॉक्सची माहिती संगणकात वेगळ्या पद्धतीने भरली गेली. सॉफ्टवेअरने ती निमूट स्वीकारली आणि उपचाराचा वेळ चुकीचा, जास्त काढून दिला. यंत्रात बिघाड नव्हता. तरीही २८ रुग्णांना प्रमाणाबाहेर डोस मिळाला, काहींचा त्यातून मृत्यू झाला. तो वेळ स्वतंत्रपणे हाताने पडताळला असता तर चूक पकडता आली असती. संगणकाचे उत्तर तपासून पाहा, हे इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षालाही सांगतात. पण कोणता आकडा संशयास्पद आहे हे ओळखायला शेकडो आराखडे डोळ्यांखालून जावे लागतात.

आक्षेप काय?

देशात फिजिसिस्ट आधीच कमी. प्रशिक्षण लांबवले तर नवी केंद्रे अडतील आणि रुग्णांची प्रतीक्षा वाढेल. हा आक्षेप खरा आहे. म्हणून बदल एका रात्रीत नको. पण माणसे कमी आहेत, म्हणून अर्धवट तयार माणूस एकट्याने उभा करायचा, हे उत्तर होऊ शकत नाही. जिथे फिजिसिस्ट कमी, तिथे त्याचे काम पडताळणारा दुसराही नसतो.

काय करता येईल?

पहिले वर्ष मोठ्या केंद्रात आणि दुसरे लहान केंद्रात वरिष्ठाच्या देखरेखीखाली, असे दोन टप्पे करता येतील. त्यामुळे लहान केंद्रालाही माणूस मिळेल. किती आराखडे, किती ब्रॅकीथेरपी, किती मोजण्या केल्या याची नोंदवही आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकांकडून प्रात्यक्षिक परीक्षा हवी. विद्यावेतनही ठरलेले हवे. दोन वर्षे फुकट राबवून घेणे म्हणजे रेसिडेन्सी नव्हे. तसे केल्यास गरीब घरातली हुशार मुले या वाटेला येणारच नाहीत.

कोट्यवधींचे यंत्र घेताना त्याची किंमत निविदेत ठळक लिहिली जाते. ते यंत्र मोजणाऱ्या माणसाच्या प्रशिक्षणाची तरतूदही त्याच निविदेत असावी, इतकी ही साधी मागणी आहे.