पळणं थांबलं की बैल कुणाचा?

आपल्या खंडाळा भागात जत्रांची मैदानं सुरू झाली की मोबाईलवर गुलालात न्हालेल्या बैलांचे व्हिडिओ. पण पाच वर्षांमागं फायनल मारलेला बैल आज कुठाय? मालकाला विचारा, विषय बदलतो.

2014 ला सुप्रीम कोर्टाची बंदी आली तेव्हा आपणच ओरडून सांगत होतो, शर्यत गेली तर खिलार संपंल. 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला घटनापीठानं शर्यतीचा कायदा कायम ठेवला. मग खिलार पळतोय तोवरच वाचवायचा का?

राज्यात 2015 पासून बैलाच्या कत्तलीला बंदी आहे. तरी थकलेला बैल दलालाच्या टेम्पोत चढतो अन् पुढचं कुणी विचारत नाही. म्हणे वैरण परवडत नाही. पळत होता तेव्हा दूध, अंडी परवडत होती की!

माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक कमिटीनं प्रवेश फीतला काही भाग थकलेल्या बैलांच्या वैरणीला काढावा. न ठेचलेला, चांगल्या रक्ताचा बैल डॉक्टरांकडून तपासून गावाला वळू म्हणून ठेवावा. गरीब स्वभावाचा बैल कोळपणीसारख्या हलक्या कामाला लहान शेतकऱ्याला द्यावा. पळाच्या बैलाला औताची सवय हळूहळू लावावी लागते. अन् लेखी बोली हवीच, की परत विकायचा नाही.

थार अन् ट्रॅक्टर बक्षीस लावणाऱ्यांना एवढं जड नाही. नाहीतर बेंदराला त्याची शिंगं रंगवायचं ढोंग तरी कशाला?

तुमच्या गावची कमिटी तयार आहे का? खाली लिहा.