जन्मसाल विचारू नका, धूर बघा

"अजून डिझेलच?" हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मी नातेवाईकांकडून ऐकला, सोसायटीतल्या काकांकडून ऐकला आणि एकदा तर चक्क पंपावर नळी हातात धरून उभ्या असलेल्या पोराकडूनही ऐकला. सूर असा, की मी अजून घरात कोळशाची शेगडीच पेटवतो. एरवी मी हसून विषय बदलतो. पण आता हा प्रश्न माझ्या एकट्यापुरता राहिलेला नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो. पुढच्या लग्नात कोणी विचारलंच तर हेच वाचायला देईन!

गाडी म्हणजे एक छोटी हॅचबॅक. २०१२ चं मॉडेल, भारत स्टेज ४, मी २०१८ मध्ये सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. आपल्याकडे कंपनीच्या नावावरून भांडण सुरू झालं की मूळ मुद्दा गटारात जातो.

आधी पैशांचं बोलू, कारण पहिला टोमणा तिथूनच येतो. "महिन्याला पंधराशे किलोमीटर रनिंग असेल तरच डिझेल परवडते," हे सूत्र प्रत्येकाला पाठ आहे. सूत्र बरोबर आहे, पण ते नव्या गाडीचं आहे. जरा मागे जाऊन बघा. २०१२ च्या मे महिन्यात पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरात लिटरमागे तीस रुपयांहून जास्त फरक होता. लोक लाखभर रुपये जास्त मोजून डिझेल गाड्या घेत होते. मग जानेवारी २०१३ पासून डिझेलचा दर दर महिन्याला थोडा थोडा वाढू लागला, ऑक्टोबर २०१४ मध्ये तो पूर्ण खुला झाला आणि फरक आटत गेला. जून २०२० मध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं. त्याच वर्षी एप्रिलपासून भारत स्टेज ६ आलं आणि मारुतीसारख्या कंपनीनं डिझेल इंजिनंच बंद केली.

म्हणजे ते लाखभर रुपये बुडाले कोणाचे? पहिल्या मालकाचे. मी गाडी बघत फिरत होतो तेव्हा त्याच वयाच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांच्या किमतीत जेमतेम वीस हजारांचा फरक होता. माझं रनिंग महिन्याला साधारण ४५०. शहरात ॲव्हरेज अठरा मिळतो, म्हणजे २५ लिटर. मुंबईकडचा २०२५ चा भाव नव्वद धरला तर २,२५० रुपये. तेवढ्याच जुन्या पेट्रोल गाडीनं तेराचा ॲव्हरेज दिला असता, तर साडेचौतीस लिटरचे साडेतीन हजारांवर गेले असते. वर्षाला पंधरा-सोळा हजारांचा फरक पडतो. त्यातले काही डिझेल गाडी परत घेते, हेही सांगतो. इंजेक्टरांनी एकदा चाळीस हजारांचा दणका दिला. सात वर्षांत विभागला तर वर्षाला सहा हजारांच्या आत. उरलेले माझे. आता सांगा, पंधराशेचं सूत्र कुठे गेलं?

अर्थात हे गणित गाडी नीट बघून घेतली तरच जमतं. डिझेल गाडी पळवायलाच घेतलेली असते, त्यामुळे मीटरवर साठ हजार दिसले तर आधी पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झीज बघावी. गाडी सकाळी, थंड असताना सुरू करायला सांगावी. आपण पोचायच्या आत एजंटनं "गरम करून ठेवली" असेल तर सरळ घरी यावं. रेस केल्यावर निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा धूर रेस सोडल्यावरही राहिला तर खर्च ठरलेला. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नये, डिझेलचं काळंच असतं. आणि आपल्याकडची खास तपासणी म्हणजे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघणं. टोकाला चिखलाची रेघ दिसली तर ती गाडी पाण्यात उभी राहिलेली आहे. जुलै २०१८ मध्ये वसई कित्येक दिवस पाण्याखाली होती, हे आपण विसरलो तरी गाड्यांचे कार्पेट विसरत नाहीत. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला गेलात, तर सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हा धोका सगळ्याच गाड्यांना आहे, पण डिझेलचा दाब जास्त म्हणून दणकाही मोठा.

आणि हो, तिला फिरवावं लागतं. घर ते स्टेशन, स्टेशन ते बाजार, एवढ्यावर ठेवली तर काजळी धरते. म्हणून महिन्यातून दोनदा हायवेवर मनोरपर्यंत जाऊन येतो. घरचे याला "गाडीचं बाळंतपण" म्हणतात. म्हणू देत.

आता दुसरा आरोप, तो जास्त गंभीर. डिझेलचा धूर. इथे मी हात झटकणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला. हे खोटं आहे असं म्हणणाऱ्याच्या बाजूला मी बसणार नाही. माझा वाद एवढाच आहे, की तो धूर मोजायचा कसा?

नियम असे आहेत. भारत स्टेज ४ च्या डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम सूक्ष्म कणांची मुभा, भारत स्टेज ६ ला साडेचार. माझी गाडी साडेपाच पट वाईट, मान्य! पण ती वर्षाला ५,४०० किलोमीटर चालते. नियमाच्या कमाल मर्यादेनं गुणाकार केला तर १३५ ग्रॅम होतात. तेवढेच कण नवी कोरी डिझेल एसयूव्ही ३०,००० किलोमीटरमध्ये सोडू शकते. नायट्रोजन ऑक्साइडचा हिशेब केला तर सतरा हजार किलोमीटरमध्ये. रस्त्यावरची खरी बेरीज प्रयोगशाळेपेक्षा वेगळी असते हे मला माहीत आहे, आणि वय झालेल्या गाडीची आणखी वेगळी. म्हणूनच तर म्हणतो, मोजा! पण "२०१२ ची आहे" एवढं बघून हवा किती बिघडते हे कळत नाही. रोज ठाण्याला एकटा माणूस घेऊन जाणारी आणि रोज घोडबंदरला दीड तास इंजिन चालू ठेवून उभी राहणारी नवी गाडी मात्र सगळ्यांना "स्वच्छ" वाटते.

त्या नव्या गाडीचीही एक गोष्ट. तिच्या धुराड्यातला फिल्टर काजळी साठवतो आणि लांब, सलग पल्ल्यावर ती जाळून टाकतो. नवघर ते वसई स्टेशन एवढ्या पल्ल्यात ती कधी जळणार? मग दिवा लागतो, गाडी गॅरेजला जाते, आणि "काढूनच टाकू या का फिल्टर?" असं विचारणारे महाभागही भेटतात. म्हणून स्टेशनपुरती नवी डिझेल घेऊ नका, हे मीच सगळ्यांना सांगतो.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं. मुंबईच्या हवेबद्दल उच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना, जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं एक समिती नेमली. मुंबई महानगर प्रदेशातून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्यानं हद्दपार करता येतील का, याचा अभ्यास करायला. महानगर प्रदेशात आपलं वसई-विरार येतं, बरं का मंडळी. पाणी मागताना आपण पालघर जिल्हा असतो, बंदी घालताना महानगर!

सरसकट वयाची बंदी काय करते ते दिल्लीनं दाखवलंय. २०१५ मध्ये हरित लवादानं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला दुजोरा दिला. झालं काय? तिथल्या धडधाकट गाड्या स्वस्तात बाहेरच्या राज्यांत विकल्या गेल्या. धूर संपला नाही, त्याचा पत्ता बदलला. जुलै २०२५ मध्ये पंपांवर जुन्या गाड्यांना इंधन नाकारायला सुरुवात झाली आणि काही दिवसांतच ते थांबवावं लागलं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं केवळ वयावरून कारवाई नको असं सांगितलं, आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण भारत स्टेज ४ आणि पुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. दहा वर्षं लोकांचा जीव टांगणीला लावून गाडी पुन्हा "धूर किती" याच प्रश्नापाशी आली.

आणि गाडी का लागते, हे विचारा की! बोरिवली-विरार पाचव्या-सहाव्या मार्गिकेला २०१९ ची मंजुरी, विरार-डहाणू चौपदरीकरणाला २०१६ ची. दोन्ही कामं अजून चालूच. भाईंदर खाडीपलीकडे डोळ्यांना दिसतं, पण रस्त्यानं जायचं तर फाउंटनवरून तीस-पस्तीस किलोमीटरचा वळसा. फेब्रुवारी २०२४ मध्ये रो-रो सुरू झाली ती फार चांगली गोष्ट, पण रात्री दीड वाजता वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तर बोट नसते आणि लोकलही नसते. गाडी असते. ज्यांच्याकडे नवी इलेक्ट्रिक घ्यायला पंधरा लाख आणि ती लावायला स्वतःचं पार्किंग आहे त्यांनी जरूर घ्यावी. आमच्या चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीत चार्जिंगची वायर तिसऱ्या मजल्यावरून सोडायची का?

माझं म्हणणं सरळ आहे. दरवर्षी धूर खरोखर मोजा. मागच्या वर्षी एका पीयूसी केंद्रावर माझ्या धुराड्यात नळी न घालताच प्रमाणपत्र छापून मिळत होतं. मी नळी घालायला लावली, तर त्या माणसानं माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. गाडी पास झाली, पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की जे यंत्र आज प्रत्येक केंद्रावर पडलेलं आहे ते प्रामाणिकपणे वापरलं, तर २०२३ ची धूर ओकणारी गाडीही सापडेल आणि नीट राखलेली २०१२ ची सुटेलही. सोबत मीटरचं रीडिंग नोंदवा. जो जास्त चालवतो त्याच्याकडून जास्त कर घ्या. सुरुवात हायवेवरच्या काळ्या धुराच्या ट्रकांपासून आणि गोखिवऱ्याच्या डंपिंगला लागणाऱ्या आगींपासून करा.

२०२७ मध्ये माझ्या गाडीला पंधरा वर्षं होतील. पुनर्नोंदणीचे पाच हजार आणि वरचा पर्यावरण कर मी रांगेत उभा राहून भरीन. तपासणीत नापास झाली तर भंगारात देईन, तक्रार करणार नाही. पण नापास करताना तिचा धूर बघा, नुसतं आरसीवरचं साल नको.