जिना चढताना धाप लागते?

मैत्रिणींनो, भाजीची पिशवी घेऊन दोन जिने चढलं, की दारातच जरा टेकावंसं वाटतं ना? ‘आता वय झालं, दुसरं काय!’ म्हणत आपण पदरानं घाम पुसतो आणि लागतो कामाला. पण दोष वयाला देण्याआधी जरा आत डोकावून पाहू या.

आपल्या फुप्फुसांत ३० ते ५० कोटी चिमुकले वायुकोश असतात. त्यांच्या पातळ भिंतीतून प्राणवायू रक्तात शिरतो. स्वस्थ बसलेलं असताना रक्त तिथून साधारण पाऊण सेकंदात पुढे जातं. प्राणवायू भरून घ्यायला मात्र त्याला पाव सेकंदच पुरतो! म्हणूनच जिना चढताना रक्त भराभर धावलं, तरी निरोगी फुप्फुसातून ते रिकाम्या हातानं परतत नाही. उलट एरवी मिटून असलेल्या तिथल्या बारीक रक्तवाहिन्याही उघडतात.

मग अडतं कुठं? पुष्कळदा, पोचवण्यात. डेअरीत दूध मुबलक, पण रतीब घालणाऱ्याकडे किटल्याच कमी, तशातली गत. या किटल्या म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांत ५७ जणींना रक्तक्षय आढळला. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या आपणच ना त्या! तेव्हा आधी रक्त तपासून घ्या. गरोदर नसताना हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल, तर डॉक्टरांना विचारून उपचार सुरू करा.

त्याबरोबर चालायला लागा. ‘घरात दिवसभर चालतेच की!’ असं म्हणू नका हं. ओटा ते मोरी या फेऱ्यांत सलगपणा नसतो. आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगानं चाला. रक्त कमी निघालं असेल, तर मात्र हा वेग डॉक्टरांच्या सल्ल्यानंच वाढवा. चालण्यानं वायुकोश काही वाढत नाहीत. पण हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, पायांच्या स्नायूंत नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. दोनतीन महिन्यांनी तोच जिना, तीच पिशवी, पण धाप कमी!

मात्र आडवं पडल्यावर दम लागत असेल, पावलं सुजत असतील किंवा छातीत दुखत असेल, तर चालायचं राहू द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.