पराभवाचा रकाना

रायपूरच्या पुरानी बस्तीत नागपंचमी जवळ आली की नागाच्या पूजेइतकीच चर्चा कुस्त्यांची होते. भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी माणसांचे येणेजाणे आहे. त्यामुळे या वस्तीतल्या मराठी घरांत हिंदी, छत्तीसगढी आणि मराठी या तिन्ही भाषांतून पहिलवानांच्या गोष्टी ऐकायला मिळतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी आमच्या ओसरीवर एक वाद रंगला. महाविद्यालयात जाणारा शेजारचा मुलगा मुष्टियुद्धाचा मोठा षौकीन. त्याने आपला सिद्धान्त मांडला, "आजोबा, जो एकदाही हरला नाही तोच सर्वांत थोर. रॉकी मार्सियानो एकूणपन्नास लढती लढला आणि एकूणपन्नास जिंकला. मुहम्मद अली पाच वेळा हरला. मग थोर कोण?"

ओसरीवरच्या वयोवृद्ध गृहस्थांनी पानाचा डबा मिटला आणि एवढेच विचारले, "अरे, मग खाशाबांचे काय करायचे?"

विद्यार्थी मित्रांनो, तो प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

खाशाबा दादासाहेब जाधव हे सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ असलेल्या गोळेश्वरचे. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सर्वांत हलक्या वजनगटात लढले. लाल मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीवरची कुस्ती आणि तिचे नियम नवे होते. तरीही ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे तर पैशांची सोय नव्हती. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकिकत महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. हेलसिंकीत खाशाबा वरच्या वजनगटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना त्यांनी हरवले. पुढे जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली त्यांची कुस्ती फार लांबली आणि तीत ते हरले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह यांच्याशी लढावे लागले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विसावा मिळण्याचा नियम होता, पण त्याची आठवण करून देण्यास आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. ही कुस्तीही गेली. इशी यांना सुवर्ण, मामेदबेकोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरचे पदक 1996 साली लिअँडर पेस यांनी आणले. मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली.

आता नोंदवहीत पाहा. त्या स्पर्धेत खाशाबांच्या नावावर दोन पराभव आहेत. आमच्या तरुण मित्राची फूटपट्टी लावली तर भारतीय क्रीडेतला तो सोनेरी क्षणसुद्धा उणा ठरेल. दोष कोठे आहे हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. पराभवाच्या रकान्यात फक्त आकडा लिहिला जातो. समोर कोण होता, किती वेळापूर्वी आधीची झुंज संपली होती, लढणाऱ्याचे वय काय होते, यांपैकी काहीच त्यात मावत नाही.

मार्सियानोचेच उदाहरण घेऊ. 1951 च्या ऑक्टोबरात त्याने जो लुईला हरवले. लुई म्हणजे 1937 पासून 1949 पर्यंत जगज्जेतेपद राखणारा, पंचवीस वेळा ते यशस्वीपणे वाचवणारा वीर. पण त्या रात्री तो सदतीस वर्षांचा झालेला होता आणि कराची थकबाकी फेडण्यासाठी पुन्हा रिंगणात उतरला होता. ही नोंद मार्सियानोच्या वहीत विजय म्हणून आणि लुईच्या वहीत पराभव म्हणून कायमची राहिली. तिच्यावरून दोघांचा कस कसा ठरवणार? मार्सियानो थोर होताच, त्याच्या धडाडीबद्दल मला शंका नाही. मात्र त्याचे नामांकित प्रतिस्पर्धी बहुतेक उतरत्या वयातले होते, हेही तितकेच खरे.

उलट अलीचे पाच पराभव एकेक करून वाचण्यासारखे आहेत. 1971 मध्ये जो फ्रेझरने त्याला हरवले, तेव्हा सक्तीच्या साडेतीन वर्षांच्या खंडानंतर तो नुकताच परतला होता. 1973 मध्ये केन नॉर्टनशी लढताना त्याचा जबडा मोडला. 1978 मध्ये लिऑन स्पिंक्सने त्याचे जेतेपद घेतले. या तिघांनाही त्याने पुढे हरवले. उरलेले दोन पराभव 1980 आणि 1981 सालचे; तेव्हा त्याने घरी बसायला हवे होते. शुगर रे रॉबिन्सन एकोणीस वेळा हरला, तरी जाणकार त्याला सर्वश्रेष्ठांत गणतात. 1940 पासून 1965 पर्यंत तो लढत राहिला आणि पराभवांची रास बहुतांशी शेवटच्या वर्षांतली आहे. तरुणपणी त्याला हरवणाऱ्या जेक लामोटाशी तो सहा वेळा लढला आणि पाच वेळा जिंकला.

अपराजित म्हणवणाऱ्याचे कौतुक करू नये, असे माझे म्हणणे नाही. गामा पहिलवानाची कीर्ती आपल्याकडे त्याच शब्दावर उभी आहे. पण 1910 साली लंडनला झ्बिस्कोबरोबर झालेली त्याची कुस्ती अडीच तासांवर चालून बरोबरीत सुटली. झ्बिस्को बहुतेक काळ गादीला चिकटून पडून राहिला होता. पुढच्या ठरल्या दिवशी तो आलाच नाही. 1928 साली पटियाळ्याला मात्र गामाने त्याला मिनिटभराच्या आत अस्मान दाखवले. मला गामा मोठा वाटतो तो त्या अठरा वर्षांनंतरच्या कुस्तीमुळे. पराभव नाही म्हणून तो मोठा, एवढ्यावर मी थांबणार नाही.

आपल्या मातीत तर आणखी एक अडचण आहे. फडातल्या कित्येक कुस्त्यांची नोंदच झाली नाही. हलगीच्या कडकडाटात झालेली चितपट दुसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडी राहिली, कागदावर उतरली नाही. तालमीतला वस्ताद आपल्या पठ्ठ्याला मुद्दाम वरचढ जोडीशी लढवतो. अशा वेळी पडणे हा शिकण्याचाच भाग असतो. जो आपल्यापेक्षा हलक्याच जोडी निवडतो, त्याचा हिशेब स्वच्छ दिसतो. हरिश्चंद्र बिराजदारांनी 1977 साली बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सतपाल यांना पाडले, याचा महाराष्ट्राला आजही अभिमान आहे. पण त्या पराभवाने सतपाल लहान झाले नाहीत. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. सतपाल बलाढ्य होते म्हणूनच तर बिराजदारांच्या विजयाला मोल आले.

याचा अर्थ पराभवाला काहीच वजन नाही, असा कोणी काढू नये. ऐन उमेदीत, पुरेशी तयारी न करता, कमी वकुबाच्या मल्लासमोर जो आळसाने हरतो, त्याचा तो पराभव मोजलाच पाहिजे. शिवाय दोन काळांची तुलना शेवटपर्यंत अपुरीच राहते. मातीतल्या निकाली कुस्तीला गादीवरच्या गुणांचे माप लागत नाही. खुराक, वजनगट, प्रवासाच्या सोयी सगळेच बदलले. म्हणून खाशाबा आजच्या मल्लाशी लढले असते तर काय झाले असते, हा प्रश्न मला फोल वाटतो. त्यांनी आपल्या काळातल्या कोणाकोणाशी हात मिळवला आणि कोणाला टाळले नाही, हे विचारता येते, आणि त्याचे उत्तर हेलसिंकीच्या यादीत लिहिलेले आहे.

त्या संध्याकाळी आमचा तरुण मित्र बराच वेळ गप्प होता. मग त्याने हळूच विचारले, "आजोबा, खाशाबांना हरवणाऱ्या त्या जपानी मल्लाचे नाव काय म्हणालात?" ते त्याने आपल्या वहीत लिहून घेतले आणि त्याच्याखाली खाशाबांचेही लिहिले.