'माय फॉल्ट' लिहिण्याआधी

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एका ईमेलमध्ये 'इट वॉज माय फॉल्ट' असं लिहून टाकलं. मला म्हणायचं होतं एवढंच, की बिघाड मी लिहिलेल्या कोडमध्ये सापडला. आपल्याकडे वीज गेली की वायरमन सांगतो, "लाइनमध्ये फॉल्ट आहे." त्यात कुणावर ठपका नसतो. इंग्रजीत मात्र 'देअर इज अ फॉल्ट' म्हणजे बिघाड आणि 'माय फॉल्ट' म्हणजे माझा कसूर. खरं तर काय बनवायचं ही माहितीच मला अर्धवट मिळाली होती. पण वर्षाअखेरीला अप्रेझलमध्ये माझंच वाक्य मला वाचून दाखवलं गेलं.

डिक्शनरीत एरर, मिस्टेक, फॉल्ट सगळ्यांपुढे 'चूक' सापडते. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये हे चालत नाही. माणसाकडून होते ती एरर, तिच्यामुळे कोडमध्ये राहतो तो फॉल्ट आणि वापरताना जे बिनसतं ते फेल्युअर. 4 जून 1996 ला युरोपचं एरियन 5 रॉकेट उड्डाणानंतर सुमारे 40 सेकंदांत नष्ट झालं, हे फेल्युअर. 64 बिटांची संख्या 16 बिटांत मावली नाही आणि ती वेळ सावरायची सोय कोडमध्ये नव्हती, हा फॉल्ट. एरियन 4 चं सॉफ्टवेअर नव्या, जास्त वेगाच्या रॉकेटलाही चालेल असं धरून चालले, ही एरर. तिन्हींना नुसतं 'मिस्टेक' म्हटलं असतं, तर शोध कोड लिहिणाऱ्याच्या नावाशीच थांबला असता.

आपल्यातले बरेच जण मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेले. घरात चूक, कसूर आणि गुन्हा यांत आपली कधी गफलत होत नाही; सालनात मीठ पडायचं राहिलं तर त्याला कुणी गुन्हा म्हणत नाही. इंग्रजी लिहायला बसलो की मात्र घाबरून सगळ्यात नम्र वाटणारा शब्द उचलतो. काही जण उलट टोकाला जातात, सगळ्यालाच 'इश्यू' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, त्यामागे कोणीही लपू शकतं.

मागच्या आठवड्यात टीममधल्या एका नव्या मुलाने ईमेल पाठवण्याआधी मला दाखवला. त्यातही 'माय फॉल्ट'. म्हटलं, "काय झालं ते आधी मराठीत सांग." तो म्हणाला, "एक चेक टाकायचा राहिला माझ्याकडून." मग त्याने लिहिलं, 'आय मिस्ड अ चेक', आणि खाली तो चेक आता कुठे टाकलाय तेही.